हात कुठं अडतो ते आधी बघ, पुस्तक मग घे

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत. लीड गिटारचा (गाण्यातली सोलो सुरावट वाजवायचा) स्पीड वाढवायचाय, मग पुस्तक कुठलं घ्यायचं, व्हिडिओ कुठला बघायचा, कोर्सला पैसे घालायचे का. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि ही चार पत्रं घेतली.

प्रश्न : सर नमस्कार. मी सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षं गिटार वाजवतोय, ऱ्हिदम बऱ्यापैकी जमतं, पण लीड वाजवताना एका बीटला चार सूर धरले की 110 बीपीएमच्या (मिनिटाला 110 बीट) पुढं गाडी सरकतच नाही. लॅपटॉपवर 40 जीबी पीडीएफ आणि व्हिडिओ साठलेत. एक मित्र म्हणतो ट्रॉय स्टेटिनाचं 'स्पीड मेकॅनिक्स' घे, दुसरा म्हणतो पुस्तकांचे दिवस गेले, यूट्यूब बघ. एक ऑनलाइन कोर्स हप्त्यावर मिळतोय. नेमकं काय घेऊ? – एक वाचक, सिडको

अरे, सध्या काहीच घेऊ नकोस. आज रात्री फक्त एक काम कर. मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवून असा ठेव की उजव्या हाताचं मनगट, पिक (तारा छेडायची छोटी चकती) आणि तारा जवळून दिसतील, कॅमेरा स्लो मोशनवर टाक आणि जिथं अडतोस तोच लिक (सुरांचा छोटा तुकडा) 115 ला वाजव. ॲम्प बंद ठेव किंवा एकदम क्लीन ठेव, डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) अजिबात नको, कारण डिस्टॉर्शनमध्ये अर्धे गेलेले सूरही भरल्यासारखे वाटतात. मग तो व्हिडिओ दहा वेळा बघ.

हे का सांगतोय ते ऐक. 110 ला बीटमागं चार सूर म्हणजे सेकंदाला सातच्या वर सूर झाले. एवढ्या वेगात आपलं आपल्याला कळत नाही काय बिघडतंय, फक्त 'गडबड होतेय' एवढंच कळतं. माझ्याकडे एक मुलगा यायचा, अगदी तुझ्यासारखाच 110 वर अडकलेला, आणि त्याला खात्री होती की बोटं हळू आहेत म्हणून. सहा महिने डाव्या हाताचेच व्यायाम करत होता बिचारा. व्हिडिओ काढला तर डावा हात एकदम व्यवस्थित. बिघडत होतं ते तिसऱ्या तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना, आणि तेही प्रत्येक वेळी नाही, एकाआड एक.

हे नीट समजून घे, कारण बहुतेकांचं इथंच घोडं अडतं. एका तारेवर तीन सूर घेतले आणि पिक खाली-वर-खाली असं चाललं, तर तिसऱ्या सुरानंतर पिक त्या तारेच्या खाली, म्हणजे पुढच्या तारेच्या अलीकडं येऊन थांबतं. आता पुढचा स्ट्रोक वरचा आहे, म्हणजे पिकला पुढची तार ओलांडून पलीकडं जायचंय आणि तिथून वर यायचंय. त्या तारेवर मग वर-खाली-वर होतं आणि तिच्या पुढच्या तारेला परत खालचा स्ट्रोक येतो, तो मात्र सोपा जातो. म्हणजे एक उडी अवघड, एक सोपी, परत अवघड. त्या मुलाचं पिक तारांमध्ये इतकं खोल जायचं की अवघड उडीच्या वेळी ते अडकायचंच. पिकचं टोक अगदी थोडं बाहेर ठेवलं, बाहेर पडताना पिक तारेपासून सुटेल एवढा मनगटाचा कोन बदलला, आणि दीड महिना फक्त तेवढीच एक उडी घोटली. त्याला तेव्हा जाडजूड पुस्तकाची गरज नव्हती, चार ओळींचा एक व्यायाम पुरला. त्यानंतर तो 130 ला आरामात वाजवायला लागला.

तर आता साहित्याकडं येऊ. तुझ्या व्हिडिओत काय दिसतंय त्यावर ते ठरेल. तार बदलताना अडत असेल तर तुला असं काहीतरी हवंय की ज्यात प्रत्येक सुरावर पिकची दिशा छापलेली आहे. खाली तोंड उघडं असलेल्या चौकोनी कमानीसारखी खूण म्हणजे डाऊनस्ट्रोक आणि इंग्रजी व्ही म्हणजे अपस्ट्रोक, व्हायोलिनच्या गजाच्या खुणा आहेत या, गिटारवाल्यांनी तशाच उचलल्या. पुस्तक घ्यायच्या आधी मधलं कुठलंही पान उघड, या खुणा आणि डाव्या हाताच्या बोटांचे आकडे दिसले नाहीत तर ते पुस्तक स्पीडसाठी नाही, मग मुखपृष्ठावर काही का लिहिलेलं असेना. स्टेटिनाचं पुस्तक या बाबतीत चांगलं आहे, त्यात डावा हात, उजवा हात आणि दोघांचा मेळ हे वेगवेगळे धरून शिकवलंय आणि ऐकायला ऑडिओही आहे. मित्राचा सल्ला चुकीचा नाही, फक्त पान एक ते शेवट असं वाचत सुटू नकोस, तुझा दोष ज्या भागात आहे तिथून सुरू कर.

पिकच्या कोनाचंच दुखणं असेल तर मात्र छापील पानापेक्षा व्हिडिओ बरा, कारण तो कोन कागदावर दाखवताच येत नाही. ट्रॉय ग्रेडीनं मोठमोठ्या वादकांच्या पिकिंगच्या हातावर अगदी जवळून कॅमेरा लावून हे प्रकरण उलगडून दाखवलंय, ते जरूर बघ. ड्रीम थिएटर बँडचा गिटारवादक जॉन पेट्रुचीचा 'रॉक डिसिप्लिन' हा जुना व्हिडिओ आहे, त्यात वॉर्म-अपपासून पिकिंगपर्यंत सगळं एका शिस्तीत येतं, कुणाला रोजचा रियाज कसा आखायचा हेच कळत नसेल तर मी अजूनही तोच सांगतो.

आणि डाव्या हाताची करंगळी सूर सोडल्यावर हवेत दोन इंच वर जात असेल तर कुठलंही साहित्य नको. आरसा घे समोर, आणि साधं एक-दोन-तीन-चार चारही बोटांनी 60 ला वाजव, बोट तारेपासून एका सेंटिमीटरपेक्षा जास्त वर जाता कामा नये. हे कंटाळवाणं आहे, मला माहितीय. दहा मिनिटंच कर, पण रोज कर.

एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. बरीच पुस्तकं म्हणतात, हळू सुरू करा आणि रोज दोन-दोन बीपीएम वाढवत न्या. अर्धं खरं आहे हे. हळू वाजवताना हात वेगळ्याच पद्धतीनं हलतो, 60 ला तू प्रत्येक सुराला कोपरातून झटका दिलास तरी चालून जातं, 140 ला ते चालत नाही. म्हणजे चुकीची हालचाल हळूहळू पक्की करत नेलीस तर तू 110 वर अडकणारच. म्हणून हळूबरोबर छोटे झटके पण हवेत. पाचच सूर, पूर्ण वेगात, पाचवा सूर बरोबर बीटवर पडला पाहिजे, मग हात सैल सोडून दोन बीट थांबायचं, परत पाच. आपल्याकडे मिरवणुकीत नाशिक ढोलच्या पथकातला ताशेवाला बघ कधी जवळ उभा राहून. काठ्या दिसेनाशा होतात इतक्या वेगात चालतात पण खांदे सैल, मनगट सैल, आणि काठी ताशावरून आपणहून उसळते ती उसळी तो वापरून घेतो, दरवेळी ताकद लावत नाही. पिकचंही तसंच आहे. दात-ओठ खाऊन स्पीड येत नाही रे. ज्या साहित्यात सैलपणाबद्दल एक अक्षर नाही ते अपुरं समज.

हप्त्याच्या कोर्सचं म्हणशील तर त्यांना एकच विचार, माझा व्हिडिओ बघून कुणी माणूस मला दुरुस्त करणार का? हो असेल तर विचार कर. नुसतेच रेकॉर्ड केलेले तीनशे धडे असतील तर तुझ्याकडे 40 जीबी आधीच आहेत.

त्या 40 जीबीचं काय करायचं? एक गोष्ट ठेव आणि बाकीचं हार्ड डिस्कवर टाकून कपाटात ठेवून दे, सहा महिने उघडू नकोस. फुकट साठवलेलं माणूस पूर्ण करत नाही. 1998 मध्ये मी स्वतः मुंबईहून एका पुस्तकाची झेरॉक्स आणली होती, त्यातली सुरुवातीची पानं गाळलेली होती आणि सोबतची कॅसेटही नव्हती. पिक कसं धरायचं, मनगट कसं ठेवायचं ते नेमकं त्या गाळलेल्या पानांत होतं. वर्षभर मी मूठ आवळून वाजवलं, कोपर दुखायला लागलं आणि तीन महिने गिटार बंद ठेवावी लागली. तो काळ आठवला की अजून वाईट वाटतं. म्हणून सांगतो, जे घेशील ते पूर्ण घे, ऑडिओसकट घे.

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे, इलेक्ट्रिक गिटार शिकते. क्लासमध्ये ग्रेड परीक्षेची पुस्तकं घ्यायला सांगितलीत. तिला मात्र फास्ट सोलो वाजवायचेत. ग्रेडच्या पुस्तकानं स्पीड येईल का? शिवाय तिची बोटं लहान आहेत, पहिल्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधली जागा) ताणून दुखतात म्हणते. – एक पालक, नाशिकरोड

ताई, ग्रेडची पुस्तकं घ्या, चांगली असतात. ट्रिनिटी काय किंवा रॉकस्कूल काय, या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या पुस्तकांत गाणी असतात, कान तयार होतो, लय पक्की होते आणि मुलांना एक टप्पा दिसत राहतो. पण ती पुस्तकं हात चौफेर तयार करण्यासाठी आहेत, नुसत्या स्पीडसाठी नाहीत. तिला आवडत्या सोलोतला एखादा चार सेकंदांचा तुकडा वेगळा द्या, तो हळू करून वाजवू द्या, यूट्यूबवर व्हिडिओचा वेग निम्मा करता येतो, सूर तोच राहतो. तेवढं या वयात भरपूर झालं.

दुखण्याचं मात्र मनावर घ्या. 25.5 इंच स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) गिटारला पहिला फ्रेट साधारण 36 मिलीमीटरचा असतो, सातव्याच्या पुढचा 24 आणि बाराव्याच्या पुढचा जेमतेम 18. आता बघा, पुस्तकातला चार बोटांचा व्यायाम पहिल्या फ्रेटवरून सुरू होतो आणि लहान हाताला तिथंच सगळ्यात जास्त ताण पडतो. तिला तोच व्यायाम सातव्या फ्रेटवरून सुरू करू द्या, बोटं मोठी होतील तसं एकेक फ्रेट खाली या. गिटार नवी घ्यायची असेल तर 24.75 इंच किंवा त्याहून लहान स्केलची बघा आणि 9 च्या तारा (सगळ्यात बारीक तार 0.009 इंच जाडीची) लावा, त्या हाताला मऊ लागतात. तरीही मनगट दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी गिटार ठेवून द्यायची, आणि हे वारंवार व्हायला लागलं तर डॉक्टरांना दाखवायचं. 'थोडं सहन कर, सवय होईल' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. बोटांची टोकं दुखतात ती सवयीनं थांबतात, मनगटाचं तसं नसतं.

प्रश्न : मी 46 वर्षांचा, बँकेत नोकरीला. लहानपणी पंचवटीत गुरुजींकडे गाणं आणि थोडा तबला शिकलो. आता दोन वर्षं गिटार वाजवतोय, लीडची खूप ओढ आहे. पण इंग्रजी पुस्तकं उघडली की मोड, थ्री नोट्स पर स्ट्रिंग, सिक्स्टीन्थ नोट असे शब्द बघून घाबरायला होतं. माझ्यासारख्यानं कुठलं साहित्य घ्यावं? – एक वाचक, इंदिरानगर

तुमचं पत्र वाचून खूप आनंद झाला. दादा, तुम्ही पायथ्याशी उभे नाही आहात, अर्धा डोंगर आधीच चढून आलाय, फक्त पाट्या वेगळ्या भाषेत लावल्यात.

बघा. मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट. ते मोड मोड म्हणतात त्यात डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, आणि नॅचरल मायनर म्हणजे आसावरी. रॉक आणि ब्लूजवाले ज्या मायनर पेंटाटोनिकवर जगतात तिचे सूर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानी रागाचे सूर. मेजर पेंटाटोनिक म्हणजे भूप. फक्त स्वर सारखे आहेत हं, राग म्हणजे त्याहून पुष्कळ काही, ते तुम्हाला मी सांगायला नको.

सिक्स्टीन्थ नोट म्हणजे चौगुन. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) 60 वर लावा, एका ठोक्याला एक सूर ती ठाय, मग दुगुन, तिगुन, चौगुन, आणि ठोका तोच ठेवून परत खाली उतरा. पाश्चात्त्य पुस्तकांतून शिकलेल्या चांगल्या चांगल्या मुलांची इथं लय सुटते, चौगुनीतून तिगुनीवर येताना धांदल होते, तुमची होणार नाही. तीन सुरांचा गट असेल तर तोंडानं तकिट म्हणा, चारचा असेल तर तकधिमि, पाचचा असेल तर तकतकिट. तोंडातून बोल नीट निघाला की हात त्याच्या मागं येतो.

आणि थ्री नोट्स पर स्ट्रिंग म्हणजे तर तुमचा सारेग, रेगम, गमप हा अलंकारच आहे हो, एकेका तारेवर तीन सूर बसवायचे एवढंच. लहानपणी जे पलटे घोटलेत तेच गिटारवर घ्या. मी स्वतः क्लासमध्ये पहिले तीन महिने मुलांना पलटेच देतो कारण त्यात बोटांची प्रत्येक उलटापालट येते आणि ते ऐकायलाही गाण्यासारखे लागतात, वर-खाली स्केल पळवल्यासारखे नाही.

तरी एक पुस्तक हवंच असेल तर तुम्हाला मी विल्यम लेविट यांचं 'अ मॉडर्न मेथड फॉर गिटार' सांगेन, अमेरिकेतल्या बर्कली संगीत महाविद्यालयाचं, तीन भागांत आहे. त्यात टॅब (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट ते सांगणारे आकडे) नाहीत, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) आहे, म्हणून तरुण मुलं लगेच बंद करतात. तुम्हाला मात्र लिपीची सवय आहे. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकात बंदिश कशी छापलेली असते आठवा, प्रत्येक स्वर आपापल्या मात्रेच्या जागी, सम कुठं, खाली कुठं, सगळं दिसतं. स्टाफ नोटेशनमध्येही काळ असाच दिसतो. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या आकड्यांच्या टॅबमध्ये नेमका तोच गायब असतो, कुठला फ्रेट दाबायचा ते कळतं पण किती वेळ ते कळत नाही, म्हणजे ताल पुसून टाकलेली बंदिश. टॅबचं पुस्तक घेतलंत तरी ज्यात टॅबच्या वर नोटेशन दिलंय किंवा टॅबलाच काळाच्या दांड्या आहेत असंच घ्या.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि शिकवायला स्वतः पुस्तकं तयार करून छापली. उत्तरायुष्यात ते आपल्या नाशकात आश्रम काढून राहिले. त्यांच्यासारख्या माणसालाही पुस्तक लागलंच, पण ते पुस्तक उघडायचं ते गुरुजींसमोर बसून. तुम्हीही महिन्यातून एकदा तरी कुणा जाणत्या गिटारवाल्यासमोर बसा, त्याला फक्त हात बघायला सांगा.

प्रश्न : मी रोज पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला अप-डाऊन करतो. घरी गिटारला अर्धा तासच मिळतो. गाडीतला वेळ स्पीडसाठी वापरता येईल असं काही साहित्य आहे का? आणि थंडीत सकाळी बोटंच वळत नाहीत, काय करू? – एक वाचक, जेलरोड

गाडीत ऑडिओ ऐका. पुस्तकाबरोबर व्यायामाचा हळू आणि फास्ट असा दोन्ही ऑडिओ येतो की नाही हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, तो नसेल तर ते पुस्तक घेऊच नका. आज रात्री जो लिक वाजवायचाय तो सकाळी गाडीत हेडफोनवर वीस वेळा ऐका आणि मनातल्या मनात म्हणा, कुठला सूर ठोक्यावर पडतो ते मांडीवर बोट आपटून बघा. पिक खिशात असू द्या, पण गाडीत नुसतं हवेत पिकिंग करू नका, तारेचा अडथळा नसला की हात भलतीच सवय लावून घेतो. ऐकून पाठ झालेला लिक रात्री निम्म्या वेळात बसतो, हे मी माझ्या अप-डाऊनच्या दिवसांत अनुभवलंय.

अर्ध्या तासाचं असं करा, पाच मिनिटं हात सैल करणं, पंधरा मिनिटं एकच अडणारी जागा, आणि उरलेली दहा मिनिटं चक्क गाणं वाजवा, बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लावून, जे शिकलात ते त्यात घालून. हे शेवटचं सोडू नका. व्यायाम 150 ला येतो आणि गाण्यात 100 ला सुद्धा येत नाही असे वादक मी पाहिलेत, कारण त्यांनी व्यायाम कधी गाण्यात आणलाच नाही.

थंडीचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून कडाक्याच्या थंडीच्या बातम्या यायला लागल्या की आपलीही बोटं आखडतात. कोमट पाण्यात दोन मिनिटं हात बुडवा, कोरडे करा, मग 60 च्या आसपास मोठे सैल सूर वाजवा, पहिली दहा मिनिटं स्पीडचं नावच काढू नका. गार हातानं झटके मारले तर इजा होते. गिटार रात्री खिडकीजवळ ठेवली असेल तर ती आधी खोलीत अर्धा तास राहू द्या आणि मग ट्यून करा, गारठ्यातून आणलेल्या तारा पाच मिनिटांत परत उतरतात.